यंत्राची कबुलायत

धुळे जिल्ह्यातील एका लहानशा शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे २०२५ सालच्या दिवाळीच्या सुमारास आलेला एक विषय वरवर पाहता इतका किरकोळ होता, की विषयपत्रिकेत त्यास शेवटून दुसरे स्थान मिळाले होते. दहाएक वर्षांपूर्वी पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या लोकवर्गणीतून घेतलेले बावीस संगणक शाळेत अद्याप नीट चालत होते. परंतु त्यांवरील विंडोज-१० या ऑपरेटिंग सिस्टिमला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर निर्मात्या कंपनीकडून सुरक्षेच्या नित्य दुरुस्त्या विनामूल्य मिळणे थांबले होते, आणि तिची पुढील आवृत्ती जी विंडोज-११, ती २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांवर चालविण्यास कंपनीची मान्यता नाही. बावीस नवे संगणक विकत घ्यावेत, पैसे भरून वाढीव मुदत घ्यावी, की आहेत त्याच यंत्रांवर लिनक्स बसवावे, एवढाच निर्णय करावयाचा होता. मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांच्या व्यवहारज्ञानाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे, मला म्हणाले, "सर, यात तत्त्वाचा काय प्रश्न आहे? जे चालतं ते घ्यायचं." मी त्या दिवशी त्यांस पुरेसे उत्तर देऊ शकलो नाही. यात तत्त्वाचा प्रश्न आहे असे मला तेव्हाही वाटत होते आणि आज तर माझी तशी खात्री झाली आहे. ते उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोठीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, आल्या-गेल्याची नोंद त्याच्या वहीत, कोणास आत घ्यावे व कोणास ओसरीवरूनच परत पाठवावे याचा अधिकार त्याचा. आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, मुलांचे निकाल तयार करतो, ते सारे त्याच्या हातून जाते, आणि तो आपले काम चोख करीत असेल तर त्याचे अस्तित्वही आपणांस जाणवत नाही. अशा कारभाऱ्याविषयी पहिला प्रश्न तो हुशार आहे का, हा नसून तो कोणाचा चाकर आहे, हा असावयास हवा.

संगणक प्रथम सुरू करताना जो लांबलचक करारनामा पडद्यावर येतो आणि ज्याखालील 'मान्य आहे' हे बटण आपण न वाचता दाबतो, त्यास आपल्या जुन्या महसुली भाषेत अगदी नेमका शब्द आहे: कबुलायत. जमीन कसावयास घेणाऱ्याने, मला अमुक शर्ती मान्य आहेत, असे लिहून द्यावयाचा तो कागद. विंडोजच्या त्या करारनाम्यात स्वच्छ शब्दांत सांगितलेले असते, की ही वस्तू तुम्हांस विकली जात नसून तिच्या वापराचा केवळ परवाना तुम्हांस दिला जात आहे. यात कंपनीची लबाडी काहीच नाही. भ्रम असतो तो आपला, कारण दुकानातून पक्की पावती घेऊन आल्यामुळे आपण स्वतःस मिरासदार समजू लागतो आणि वस्तुतः असतो उपरी. मिरासदाराचा हक्क पिढीजात, उपऱ्याचा मुदतीपुरता. म्हणूनच उपरी दुसऱ्याच्या रानात विहीर खणीत नाही आणि आंबा लावीत नाही. १९४८ साली मुंबई राज्यात कूळवहिवाटीचा कायदा झाला आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व अमलात आले, तेव्हा ज्या घरांत त्या कागदांची पूजा झाली त्या घरांतील नातवंडे आज दहावीच्या वर्गात बसून, कोणाच्या रानात आपण राबत आहोत याची कल्पनाही नसताना, संगणक शिकत आहेत.

याउलट दुसरी सनद आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली जीएनयू नावाचा मुक्त प्रणालीचा प्रकल्प घोषित केला, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ साली तो स्टॉलमनच्या परवान्याखाली आणला. त्या परवान्याचे मर्म असे, की प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिचे अंतरंग म्हणजे सोर्स कोड वाचावा व बदलावा, तिच्या प्रती इतरांस द्याव्यात, आणि बदललेल्या प्रतीही द्याव्यात, असे चार हक्क घेणाऱ्यास मिळतात. शर्त एवढीच, की पुढे देताना घेणाऱ्याला हेच चार हक्क द्यावे लागतात. माझ्या वाचनात आलेल्या कायद्याच्या कागदांपैकी इतका उदार आणि इतका करडा कागद दुसरा नाही. ॲपलची प्रणाली मी येथे फारशी विचारात घेत नाही, कारण ती त्याच कंपनीच्या महागड्या यंत्रांशी बांधलेली आहे आणि खानदेशातील शाळेच्या अंदाजपत्रकात ती यंत्रे बसत नाहीत.

आता हा सारा विचार केवळ शाब्दिक नाही, हे पटविण्यासाठी मला माझी एक हानी सांगितली पाहिजे. १९९६ ते २००३ या काळात मी स्थानिक इतिहासावर काही लेख लिहिले व ते एका खाजगी मराठी टंकन-प्रणालीवर स्वतः टंकित करून ठेवले. त्या प्रणालीबरोबर एक इंचभर लांबीचे कुलूप येई. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरची तार जेथे जोडतात तेथे, लावल्याखेरीज प्रणाली उघडत नसे. पुढे तो संगणक निकामी झाला, नव्या संगणकांना तशी जागाच राहिली नाही, आणि त्या प्रणालीची अक्षरयोजना तिच्या मालकाखेरीज कोणास ठाऊक नसल्याने माझ्या फायली आज उघडल्या असता पडद्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थशून्य रांग उमटते. जे लेख छापून आले ते वाचले. जे छापले गेले नाहीत, त्यांत गिरणा खोऱ्यातील फड बागायतीच्या वहिवाटीविषयीचा एक लेख होता, ते गेले.

आणि हे घडले कोठे, तर ज्या शहरात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला त्या धुळ्यात. गावोगाव पायपीट करून, पोटमाळ्यांवरील आणि वाणसौद्याच्या पुड्यांच्या वाटेवर असलेली दप्तरे हस्तगत करून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या पश्चात स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात तो वारसा आजही जपला जात आहे. तेथील मोडी कागद वाचणे सोपे नाही. मोडीचा सरकारी वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ओसरला, आज ती वाचणारे थोडे. परंतु मोडी शिकावयास कोणाची परवानगी लागत नाही, मोडीला मालक नाही, तिची मुदत १४ ऑक्टोबरला संपत नाही. म्हणून पेशवाईतील कारकुनाचा ताळेबंद सहा महिने मेहनत करणारा कोणीही विद्यार्थी आज वाचू शकतो, आणि मला माझे स्वतःचे, अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वीचे, अक्षर वाचता येत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, मोडीलाही २०१४ साली तेथे स्थान मिळाले. सर्वांस खुल्या असलेल्या त्या संकेतावर मी वेळीच विश्वास टाकला असता तर ही पाळी आली नसती. दोष माझाही आहे. परंतु जिल्ह्याचे जमीन-दप्तर, विद्यापीठाच्या गुणपत्रिका, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही यांच्या बाबतीत असा दोष कोणी केला तर त्याची भरपाई कोण करणार?

प्रणालीच्या निवडीमागील राजकारणाचा प्रश्न निघाला की आपल्याकडे तत्काळ स्वदेशीचा मुद्दा येतो, आणि खानदेशात तो येणे स्वाभाविकच आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि नंदलाल बोस यांनी मंडपाची सारी सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. साधनाची निवड हीसुद्धा राजकीय उक्ती असते, हे त्या मंडपाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, २९ डिसेंबर १९४५ रोजी, फैजपूरच्याच जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करणारी एक कंपनी नोंदली गेली. तिचेच नाव पुढे विप्रो झाले. १९७३ च्या विदेशी चलन कायद्यानुसार आपला भांडवली हिस्सा घटविण्यास नकार देऊन आयबीएम ही अमेरिकन कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली, आणि त्या रिकाम्या जागेत ज्या देशी कंपन्यांनी संगणक बनविण्यास प्रारंभ केला त्यांत ही अमळनेरची तुपाची कंपनी होती. आयबीएमच्या विरुद्ध त्या वेळी जी तक्रार होती तीही येथे स्मरणीय आहे: परदेशात जुनी झालेली यंत्रे दुरुस्त करून ती येथील संस्थांना विकण्याऐवजी भाड्याने दिली जात. म्हणजे उपरेपणाचा प्रश्न तेव्हाही होताच.

परंतु त्या इतिहासाचा उत्तरार्ध आपण विसरतो. पेटी स्वदेशी झाली आणि थोड्याच वर्षांत तिच्यातला कारभारी पुन्हा परका आला, कारण घराघरांतील व दुकानांतील संगणक प्रथम डॉसवर आणि मग विंडोजवर चालू लागले, आणि त्यांचे अंतरंग देशी निर्मात्यांसही बंदच होते. उलटपक्षी सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली दिलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर उभी आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली घोषित केलेली 'माया' उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या आवृत्तीवर उभी आहे, आणि या दोहोंचा पाया जगभरच्या स्वयंसेवकांनी व नोकरदार अभियंत्यांनी घातलेला आहे. त्यांस स्वदेशी म्हणावयाचे ते जन्मस्थानावरून नव्हे, तर त्या आपणांस उघडता, तपासता आणि आपल्या मर्जीप्रमाणे बदलता येतात म्हणून. उद्या एखाद्या भारतीय कंपनीने अंतरंग मोहोरबंद असलेली प्रणाली काढली आणि तिच्यावर तिरंगा छापला, तर ती घेणाऱ्याची स्थिती उपऱ्याचीच राहील. फक्त जमीनदार गावचा असेल, एवढाच फरक.

उपरेपणाचे हे भय काल्पनिक नाही. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीवर, तीत रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे म्हणून, निर्बंध घातले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची टपाल व संपर्काची सेवा बंद केली. देशभर सहा हजारांहून अधिक पेट्रोलपंप असलेली ही कंपनी, तिने पैसे भरलेले होते, भारतीय कायद्याचा भंग केलेला नव्हता, आणि तरीही स्वतःच्याच पत्रव्यवहारासाठी तिला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. बंद झाली ती टपालसेवा होती, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, हा भेद मी मुद्दाम नोंदवितो. पण मालकाचे हुकूम जेथून सुटतात ते ठिकाण त्या आठवड्यात सर्वांस दिसले.

लिनक्सच्या अभिमान्यांनी मात्र येथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच लिनक्सच्या गाभ्याचे काम पाहणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन अभियंत्यांची नावे, निर्बंधांच्या कायद्याचे कारण देऊन, वगळण्यात आली. ज्यांनी वर्षानुवर्षे विनातक्रार सेवा केली त्यांची नावे अशी पुसली जाणे मला क्लेशकारक वाटले, आणि मुक्त म्हणविणारी प्रणालीही राष्ट्रांच्या कायद्यांच्या वर तरंगत नाही हे त्यातून सिद्ध झाले. तथापि अंतर उरतेच: यादीतून नाव गेले तरी हाती असलेला सोर्स कोड गेला नाही, तो चालविण्याचा, बदलण्याचा, त्यापासून नवी शाखा काढण्याचा हक्क गेला नाही. एका ठिकाणी मानपान हिरावला गेला, दुसऱ्या ठिकाणी किल्लीच हिरावली गेली.

पण हक्क कागदावर असणे आणि तो बजावता येणे यांत केवढी दरी असते, हे कापूस पिकविणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या माणसास शिकवावे लागत नाही. पूर्वीचा शेतकरी आपल्याच सरकीतून पुढच्या हंगामाचे बी राखीत असे. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा व इतरांस देण्याचा त्याचा हक्क मान्य केला. तो हक्क आणि स्टॉलमनचे चार हक्क शेजारी ठेवून पाहिले तर सख्खे भाऊ वाटतात. परंतु २००२ साली बीटी कापसास मान्यता मिळाली, बाजारात ती संकरित वाणांच्या रूपाने आली, संकरिताचे राखलेले बी पुढच्या वर्षी तसे उतरत नाही, आणि म्हणून दर मृगाआधी शेतकरी पाकिटाच्या रांगेत उभा राहतो. कायद्याने हक्क दिला, व्यवहाराने तो निष्फळ केला. लिनक्सच्या बाबतीतही, यंत्र अडले असता ते सोडविणारा माणूस जर पंचक्रोशीत नसेल, तर चार हक्कांची सनद भिंतीवर टांगूनच ठेवावी लागेल. जर्मनीतील म्युनिच नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षे खपून हजारो संगणक त्यावर आणले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. हे अपयश लपविण्यात अर्थ नाही.

केरळात मात्र उलटे घडले. तेथील शालेय शिक्षणखात्याने या शतकाच्या पहिल्या दशकातच माध्यमिक शाळांतील संगणक-शिक्षण लिनक्सवर नेले आणि ते आजतागायत टिकले आहे. कारण त्यांनी आधी शिक्षक तयार केले, मग यंत्रे बदलली, आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकाला जुळेल अशी आपली स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली. महाराष्ट्रात आपण काय केले? एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी आवश्यक अर्हतांमध्ये समाविष्ट झाला, आणि लाखो मुलेमुली संगणक म्हणून जे शिकली ते मुख्यतः एकाच कंपनीची प्रणाली व तिचेच कार्यालयीन सॉफ्टवेअर. त्या अभ्यासक्रमाने खेड्यांतील मुलींना प्रथमच संगणकासमोर बसविले, हे त्याचे ऋण मी मानतो. पण शासनाने परीक्षेच्या मार्गाने जनतेला एका खाजगी वस्तूची सवय लावावी, आणि मग 'लोकांना याचीच सवय आहे' हेच कारण पुढे करून तीच वस्तू कार्यालयांत घ्यावी, हे चक्र नीतीच्या कसोटीस उतरत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण काढले आहे. तालुक्याच्या कचेरीत त्याचे चिन्ह मला तरी कोठे आढळले नाही.

आमच्या मंडळातील त्या सदस्यांचा व्यवहारवाद याच ठिकाणी योग्य जागी ठेवता येतो. जळगावच्या सराफ बाजारातील मुनीम टॅलीवर हिशेब ठेवतो आणि टॅली विंडोजवर चालते. चाळीसगावात लग्नपत्रिका छापणाऱ्याची सारी अक्षरे आणि वेलबुट्ट्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या आहेत. त्यांस मी बोल लावणार नाही. चोरीची प्रत वापरू नका एवढेच सांगेन, कारण चोरीची प्रत ही गुलामीही आहे आणि अपराधही. माणूस स्वतःपुरते साधन निवडतो तेव्हा तो आपल्या सोयीचा मुखत्यार असतो. परंतु मुख्याध्यापक, विश्वस्त, ग्रंथपाल, जिल्हाधिकारी हे निवडतात ते दुसऱ्यांसाठी, आणि ज्यांच्यासाठी निवडतात त्यांस नाही म्हणण्याची सोय नसते. बारा वर्षांचे मूल कबुलायतीवर सही करीत नाही. त्याच्या वतीने आपण करतो. विंडोज-११ ची घरगुती आवृत्ती कंपनीकडे खाते उघडल्याखेरीज सरळ मार्गाने सुरूच होत नाही, आणि २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या अमेरिकन पाळत-यंत्रणेच्या कागदांनंतर अशी खाती कोणाकोणाच्या नजरेखालून जाऊ शकतात याविषयी अज्ञान सांगण्याचा हक्क विश्वस्तांस उरलेला नाही.

मुक्त सॉफ्टवेअर घेणाऱ्यासही येथे एक ऋण लागते, आणि ते आपण सहसा फेडीत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असलेल्या, एका लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कोणी कपटाने चोरदार बसविल्याचे उघडकीस आले. ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळीत होता, आणि मदतीचा आव आणून दुसऱ्याने त्याचा विश्वास संपादन केला होता. कपट पकडले ते आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा छडा लावीत असता. आणि तो नोकरीस होता मायक्रोसॉफ्टमध्ये. सज्जनता कोणत्याही एका छावणीची मिरास नाही. अंतरंग उघडे होते म्हणून कपट सापडले, हे खरे. पण जगाने फुकट घेतले आणि राखणाऱ्यास एकटे सोडले म्हणून ते शिरले, हेही तितकेच खरे. ज्या खानदेशात गावाच्या सप्ताहाला प्रत्येक घर शिधा देते, तेथील संस्थांनी विनामूल्य म्हणून लिनक्स घेऊन स्वस्थ बसणे मला अशोभनीय वाटते. द्यावयास पैसाच हवा असे नाही. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत 'एएचआर' असा स्वतंत्र संकेत आहे, ती देवनागरीत लिहिली जाते, आणि मुक्त प्रणालीच्या पडद्यावरील शब्द अहिराणीत आणण्याचे काम आमच्या महाविद्यालयांतील भाषाविभागांनी उद्या सुरू केले तर त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या बाजारपेठेच्या हिशेबाची वाट पाहावी लागणार नाही.

आमच्या संस्थेत शेवटी एकोणीस संगणकांवर लिनक्स आणि लिबरऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर बसले, तीन कार्यालयीन हिशेबासाठी विंडोजवरच राहिले व त्यांची वाढीव मुदत रीतसर पैसे भरून घेतली. पहिले दोन महिने त्रासाचे गेले. जुने छपाईयंत्र जोडताना आमच्या शिक्षकांचा एक संपूर्ण रविवार खर्ची पडला, आणि दोघा शिक्षिकांना प्रशिक्षणास पाठवावे लागले. माझी खानदेशातील सर्व संस्थाचालकांस विनंती आहे, की संगणक खरेदीच्या ठरावात दरपत्रकांच्या तुलनेखाली आणखी तीन ओळी लिहाव्यात: ही प्रणाली आपणांस उघडून पाहता येते काय, ती बंद पडली तर दुरुस्त करणारा जिल्ह्यात कोण आहे, आणि ती सोडावयाची झाल्यास आपले कागद आपल्यासोबत येतात काय. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत त्या तीन ओळी उत्तरांसह लिहिलेल्या आहेत, काळ्या शाईने, कागदावर.